आठ महिन्यांनंतर: डेबियन 12, यूएसबी लेझर आणि ते 18 मिलिमीटर

डेबियन या लिनक्सच्या 10 व्या आवृत्तीची एलटीएस (वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची) मुदत जून 2024 मध्ये संपली, तेव्हा आधी 11 आणि मग 12 करणं भागच होतं. मशीन साधंच: काळा-पांढरा यूएसबी लेझर, वर स्कॅनर, ज्याचा टोनर इंदूरात जेल रोडला उभ्याउभ्या भरून मिळतो त्या जातीचा. अपग्रेड झालं आणि छपाई ठप्प. हिरवा दिवा चालू, एलएसयूएसबीत (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञेत) प्रिंटर दिसतोय, पण कप्सच्या, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेच्या, क्यूचं (प्रिंटरच्या नोंदीचं, जिथे कामं रांगेत लागतात) एकच पालुपद: ‘वेटिंग फॉर प्रिंटर टू बिकम अव्हेलेबल’. नवी केबल आणायला धावू नका, पैसे वाया जातील.

डेबियन 11 पासून कप्ससोबत आयपीपी-यूएसबी नावाची सेवा येते. ती प्रिंटरचा यूएसबी इंटरफेस आपल्या ताब्यात घेते आणि तो नेटवर्कवरचा प्रिंटर असल्यासारखा दाखवते. जुना क्यू मात्र यूएसबी:// याच पत्त्यावर कडी वाजवत राहतो. आत भाडेकरू बदललेला. आपलं मशीन यात सापडतं का, ते एलएसयूएसबी -व्ही मध्ये कळतं: क्लास 7, सबक्लास 1, प्रोटोकॉल 4 असे किमान दोन इंटरफेस हवेत. नुसता प्रोटोकॉल 1 किंवा 2 दिसला तर या सेवेचा दोष नाही. मग /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग मध्ये ‘फिल्टर फेल्ड’ शोधा. जुन्या 32 बिटी ड्रायव्हरच्या लायब्ररी अपग्रेडमध्ये उडाल्या असतील, तर फिल्टरवर (ड्रायव्हरच्या प्रोग्रामवर) एलडीडी ही लायब्ररी तपासणारी आज्ञा चालवताच ‘नॉट फाउंड’च्या ओळी येतात.

पहिले दोन महिने माझं मत स्पष्ट होतं: हा निव्वळ आगाऊपणा. सिस्टमसीटीएल या आज्ञेने सेवा मास्क (म्हणजे पुरती बंद) करायची, केबल काढून परत लावायची, जुना ड्रायव्हर सुरू. मत फिरलं ते स्कॅनरमुळे. सेवा चालू असली की सेन-एअरस्कॅन हा स्कॅनरचा ड्रायव्हर त्याच वाटेने स्कॅन घेतो, कंपनीचं एकही पॅकेज न टाकता. समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाची) प्रत स्कॅन करायला बाहेर पैसे मोजणं बंद, एवढ्यावर आमचं भांडण मिटलं. सेवा अनमास्क करा आणि या आज्ञेने नवा क्यू बनवा:

एलपीअ‍ॅडमिन -पी लेझर -ई -व्ही आयपीपी://लोकलहोस्ट:60000/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

यात ‘ई’ कॅपिटल, बाकी अक्षरं लहान. जुना क्यू एलपीअ‍ॅडमिनला -एक्स लावून काढूनच टाका, नाहीतर घरातलं कोणी ना कोणी त्यावर प्रिंट देतं आणि कामं साचत जातात.

आता खरी तक्रार. नव्या क्यूने कागद लेटर, म्हणजे अमेरिकी मापाचा, धरला. ए4 ची उंची 297 मिमी, लेटरची 279. हे 18 मिमी कोणी मनावर घेत नाही, कारण ‘फिट’ चालू असेल तर पान गुपचूप 94 टक्क्यांवर आकसतं आणि वाचायला ठीकच दिसतं. शिवणाचा नमुना छापा म्हणजे कळेल: 36 चा ब्लाउज 34 चाही धड राहत नाही. पाठकोऱ्या कागदावर 100 मिमीची रेघ छापून पट्टी लावा. 94 भरली तर हाच रोग. पाठकोरा चुरगळलेला नको, फ्यूजरमध्ये (टोनर तापवून कागदावर बसवणाऱ्या भागात) अडकतो.

पेपरकॉन्फ ही कागदाचं ठरलेलं माप सांगणारी आज्ञा ‘लेटर’ म्हणाली तर डीपीकेजी-रीकॉन्फिगर लिबपेपर1 करून ए4 निवडा. मूळ बहुधा इन्स्टॉलच्या वेळी निवडलेल्या अमेरिकी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) असतं. मग क्यूवर एलपीअ‍ॅडमिनने पेजसाइझ=ए4. एवढं करूनही लेटरच येतं तेव्हा डोकं फिरतं. मीही आयपीपी-यूएसबीच्याच नावाने खडे फोडले होते, ते परत घेतो: दोषी होती होम फोल्डरमधली .कप्स/एलपीऑप्शन्स ही फाइल. ती क्यूच्या सेटिंगवर मात करते, आणि प्रत्येक युजरची वेगळी असते. तिच्यातली मीडियाची (कागदाच्या मापाची) नोंद खोडा. मोजमापाचं काही छापताना प्रिंट-स्केलिंग=नन द्या.

मराठी मजकुराला आणखी एक: अनुस्वार पुसट आणि शिरोरेषा तुटक आली तर टोनर भरायच्या आधी प्रिंट-क्वालिटी=5 देऊन बघा. 4 म्हणजे नॉर्मल, 3 म्हणजे ड्राफ्ट.

दिवा लुकलुकत प्रिंटर अजूनही लेटर मागत असेल, तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:60000 उघडा. प्रिंटरचं स्वतःचं पान तिथे येतं, आणि ट्रेचं माप तिथेही वेगळं ए4 करावं लागतं.