मेडलांची फ्रेम: सुतारकाम झकास, क्रम उलटा

नानांची लष्करातली मेडलं पत्र्याच्या डब्यात, रुमालात गुंडाळून पडलेली. रिबनी पार विरल्या होत्या. यंदा त्यांची पंच्याहत्तरी, म्हणून साताऱ्यातल्या एका दुकानात फ्रेमला दिली. सागवानी चौकट, आत निळं मखमल, २,६०० रुपये, आठ दिवस. लाकूडकामाला नाव ठेवायला जागा नाही. कोपऱ्यातला सांधा बोटाला लागत नाही.

पण मांडणी! 'पूर्वी स्टार' हे १९७१च्या युद्धाचं मेडल चांदणीसारखं उठून दिसतं म्हणून ते मधोमध. पहिलं नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल, आणि सेना मेडल पार उजव्या टोकाला. नानांनी चष्मा पुसला. "अहो, नऊ वर्षं नीट नोकरी केली की हे मिळतं. ते पहिलं?"

मग दुकानातच शाळा भरली. सेना मेडल एकट्या माणसाच्या नावानं जाहीर होतं, म्हणून ते आधी. १९७१ला पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार. मग संग्राम मेडल, ते त्याच युद्धाचं, पण त्याहून जास्त जणांना. १९७२चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं तेव्हा नोकरीत असलेल्या सगळ्यांना. शेवटी वीस वर्षांचं आणि नऊ वर्षांचं. छातीवर मानाचं मेडल गुंड्यांच्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे.

दुकानदार बिचारा ऐकत होता. क्रम लावल्यावर जागा उरली, तर शोकेसमधून वीरचक्राची नक्कल काढून म्हणतो, "ही लावू का? भरल्यासारखं दिसेल." अर्धी निळी, अर्धी केशरी रिबन. नाना खुर्चीतून उठलेच. परमवीर, महावीर आणि मग वीरचक्र, शत्रूसमोरच्या शौर्याचं. सेना मेडलच्या कितीतरी वर. "ठेवा ती आत," एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या खेपेला क्रम बरोबर मिळाला, जादा पैसे घेतले नाहीत. मात्र न विचारता स्टारला पॉलिश मारलंय, तो आता पितळी बटणासारखा चमकतो. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, तिथेही ब्रश फिरलाय. नानांचा नंबर वाचायला आता भिंग लागतं. जुन्या रिबनीही टाकून दिल्या.

दुकानाला पाचपैकी तीन गुण. जाणार असाल तर क्रम कागदावर लिहून न्या, आणि पॉलिश नको हे आधीच सांगा.