कॅज्युअल्टीची नाईट: सिव्हिल की खासगी?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, आणि आता कोकणातच राहायचं ठरलंय. अशा मुलीसमोर सहसा दोन वाटा असतात. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या सिव्हिलची (सरकारी जिल्हा रुग्णालयाची) कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, बहुधा कंत्राटी. नाहीतर चिपळूण, कणकवलीकडचं एखादं छोटं खासगी हॉस्पिटल. नाईट दोन्हीकडे लागणारच. मी सिव्हिलच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पगार नाही.

कारण आहे रात्री दोन वाजता आलेला पेशंट. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. चावा दिसतही नाही. पोटात दुखतंय म्हणून घरचे घेऊन येतात आणि थोड्या वेळात पापण्या जड होऊ लागतात. सिव्हिलला ड्युटीवरचे डॉक्टर तिथेच असतात, एएसव्ही (सापाच्या विषावरची लस) मोफत मिळते आणि शेजारी अशा केसेस पाहिलेली सीनियर सिस्टर असते. छोट्या खासगी हॉस्पिटलात डॉक्टर अनेकदा ऑन-कॉल असतात. ते पोहोचेपर्यंत श्वास मोजणं, ऑक्सिजन, सलाईन, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) सगळं तुमच्यावर. नव्या हातांवर हे ओझं टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

फुरसं चावलेलं असेल तर काम वेगळं, कारण त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करून गाठ झाली का बघायचं. नळी प्लास्टिकची चालत नाही. मण्यारीच्या विषात मात्र रक्त नेहमीसारखं गोठतं, म्हणून गाठ दिसली की निर्धास्त व्हायचं नाही. एएसव्ही सुरू करण्याआधी अॅड्रेनलिन भरून तयार हवं, कारण रिअॅक्शन आली तर ते लगेच मांडीत द्यावं लागतं. हे पुस्तकात आहेच. पण हाताला ते बसतं पुन्हा पुन्हा केल्याने, आणि तेवढ्या केसेस सिव्हिललाच येतात. एएसव्हीच्या सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल (कुप्या) लागतात. खासगीत तेवढा साठा नसेल तर पेशंट तुमच्या डोळ्यांदेखत पुढे पाठवावा लागतो.

सिव्हिलचा त्रास मी लपवणार नाही. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या गर्दीत मुंबई-गोवा हायवेवर गाडी उलटली की १०८ अँब्युलन्स एकामागून एक येतात. एमएलसीची (पोलिसांशी संबंधित केसची) नोंद, पोलिसांना कळवणं, नातेवाइकांचा आरडाओरडा, आणि सिस्टर मोजक्याच. जास्त ओरडणारा नेहमीच जास्त गंभीर नसतो, गप्प पडलेल्याकडे आधी बघायचं, हे अशाच रात्री कळतं. खासगीत गर्दी कमी आणि बेडशीट स्वच्छ. तिथे तणाव येतो पैशांवरून. डिपॉझिटबद्दल नातेवाइकांशी बोलायला रात्री सिस्टरलाच पुढे करतात, आणि ते सिस्टरचं काम नव्हे. डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्याविरुद्धचा २०१०चा राज्याचा कायदा दोन्हीकडे लागू आहे, पण गेटवर माणसं किती आहेत ते स्वतः पाहून या.

पैशाचं थोडक्यात. कायम अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. कंत्राटीत त्यापेक्षा बरंच कमी मिळतं आणि कधी उशिरा. खासगीत पगार वेळेवर येऊ शकतो, पण दुसरी सिस्टर आली नाही की डबल ड्युटी.

शरीराला मात्र दोन्ही सारखंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१९ मध्येही रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटातच ठेवलं. पहाटे तीन ते पाच डोकं मंदावतं. त्या वेळी इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नका. खासगीत दुसरी सिस्टरच नसेल तर? माझ्या मते नकार द्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

अपवाद आहेत. आयसीयूचा अनुभव असेल, किंवा घरी लहान मूल आणि हॉस्पिटल चालत जाण्याएवढं जवळ असेल, तर खासगी घ्या. फक्त मुलाखतीत हे विचारा: रात्री डॉक्टर इमारतीत असतात का? एएसव्हीच्या किती व्हायल ठेवता? पेशंट कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पाठवताना अँब्युलन्समध्ये सोबत कोण जातं, आणि ती सिस्टर गेल्यावर मागे कॅज्युअल्टीत कोण उरतं?