व्हॅनमधला डिझेल हीटर पेटेना: उघडून साफ करू की नवा आणू?

डिसेंबर लागला की नाशिकच्या कॅम्परवाल्यांत हा प्रश्न निघतोच. बटण दाबलं, पंखा घरघरला, पंपाची टिकटिक सुरू झाली, एक्झॉस्टमधून पांढऱ्या धुराचा भपका आला आणि पाच-सात मिनिटांत सगळं गप्प. स्क्रीनवर बिघाडाचा कोड. डिझेल जाळून ट्रक आणि बोटींच्या केबिन उबदार ठेवायला निघालेलं हे यंत्र आपण टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटखाली बसवतो, त्यामुळे ते उघडायला मेकॅनिकही बिचकतो. मग उरतात दोन वाटा: आपणच खोलून साफ करायचा, नाहीतर नवा मागवायचा.

मी दोन्ही केलं, आणि उलट्या क्रमाने केलं. आधी नवा आणला. तोही तिसऱ्या मिनिटाला तसाच विझला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! (आमचं सोमेश्वर गंगापूर रोडला आहे, पण म्हण इथेही चपखल बसली.) दोष वायरीत होता. पेटताना ग्लो प्लग (विजेवर लालबुंद तापून डिझेल पेटवणारी कांडी) ८ ते १० अँपिअर ओढतो. एकदा पेटला की एक-दोन अँपिअरवर भागतं. बॅटरीपासून हीटरपर्यंत मी घरातल्या फिटिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर ५ मीटर ओढली होती. जाऊन-येऊन १० मीटर तांबं, त्यात एक व्होल्टहून जास्त गळती. वर गंजलेला फ्यूज होल्डर. बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि ग्लो प्लग तापत असताना हीटरच्या प्लगवर १०.३. साडेदहा व्होल्टच्या आसपास हे हीटर स्वतःच हात वर करतात. ६ स्क्वेअर एमएमची वायर टाकली आणि तोच हीटर पेटला.

म्हणून दोन्ही वाटांच्या आधी मल्टीमीटर. तोही हीटर बंद असताना लावून उपयोग नाही, पेटताना लावा. दुसरी नजर डिझेलच्या पारदर्शक नळीवर. बुडबुडे पळताना दिसले तर सांध्यातून हवा शिरते आहे: रबरी जोडाच्या आत नळीची दोन्ही टोकं एकमेकांना भिडलेली हवीत. पंप आडवा बसवला असेल तर त्याचं बाहेरचं तोंड वर करून तिरपा बसवा, हवा अडकून राहत नाही. इथवर खर्च जवळपास शून्य.

एवढं करूनही पेटला नाही, किंवा पेटून काळा धूर टाकू लागला, तर निवड खरी सुरू होते.

साफ करण्याच्या बाजूने सांगायचं तर काम भीतीदायक दिसतं तेवढं नाही. एक दुपार, ॲलन की, ग्लो प्लगचा लांब पाना आणि नवी पॅकिंग. पॅकिंग जुनीच परत लावू नका. ग्लो प्लग काढला की त्याच्या घरात बोटाच्या पेराएवढी एक गोल जाळी असते. माझी जाळी निघाली तेव्हा चुलीतल्या कोळशासारखी होती, एकही भोक उघडं नाही. डिझेल याच जाळीवर पसरून पेट घेतं, त्यामुळे ती बुजली की नुसता पांढरा धूर. आतल्या नळकांड्यातली काजळी चमच्याने खरवडली, ती वाटीभर निघाली. जाळी, प्लग आणि पॅकिंग मिळून खर्च नव्या हीटरच्या मानाने किरकोळ.

ही काजळी येते कुठून? आपल्या थंडीतून. निफाडला पारा ५च्या खाली गेला की पेपरात बातमी येते, पण नाशिकची बहुतेक रात्र १० अंशांच्या पुढेमागे. एवढ्याशा गारव्याला ५ किलोवॅटचा हीटर रात्रभर मंद आचेवर कुढत राहतो, आणि मंद जळणं म्हणजे काजळी. आठवड्यातून अर्धा तास फुल्लवर चालवा, बरीचशी जळून जाते.

नवा घेण्याची पहिली अट इथूनच निघते: एका व्हॅनला २ किलोवॅट पुष्कळ. ‘८ किलोवॅट’ छापलेले अनेक स्वस्त हीटर आतून ५चेच असतात, त्या आकड्याला भुलू नका. दुसरा विचार प्रवासाचा. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे पुन्हा काजळी. स्पितीला वारंवार जाणार असाल तर उंचीनुसार डिझेल कमी करणारा हीटर घ्या, पैसे वसूल होतात. वर्षातून दोनदा भंडारदरा करणाऱ्याने त्यावर खर्च करू नये. कडाक्यात मात्र नवा-जुना दोन्ही सारखेच अडतात, कारण नाशिकहून भरून नेलेलं डिझेलच नळीत गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते याचसाठी.

माझा कौल साफसफाईला, एक अपवाद सोडून. खोलल्यावर ॲल्युमिनियमच्या हीट एक्स्चेंजरला (आतल्या जाळाची ऊब व्हॅनमधल्या हवेला देणाऱ्या कवचाला) तडा किंवा भोक दिसलं, तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, भंगारात द्या. त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट झोपायच्या जागेत येतो, आणि त्याला ना रंग ना वास. तडा नसला तरी एक्झॉस्टचे जोड दरवर्षी तपासा आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

माझा जुना हीटर आता ६ स्क्वेअरच्या वायरीवर निमूट पेटतो. नवा माळ्यावर खोक्यात आहे, कोणाला हवा असेल तर सांगा. ५ किलोवॅटचा आहे, घ्या असं मात्र म्हणणार नाही.