नारायण पेठेतला डिजिटल प्रेस: छपाई चांगली, पार्किंग शून्य

अप्पा बळवंत चौकातून नारायण पेठेत शिरलं की एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हा प्रेस आहे. नाव टाकत नाही. 'आहे तेवढीच गर्दी आवरत नाही' असं मालक काकांनी बजावलंय.

मी बाणेरच्या एका कंपनीत डिझायनर, नोकरीला अकरा वर्षं झाली. आम्ही तिघं आहोत. सेल्समधलं कोणीही येतं आणि 'दोन मिनिटांचं काम आहे, जरा छान दिसेल असं कर' म्हणून मजकूर टाकून जातं. तारीख आधीच ठरलेली असते.

गेल्या महिन्यात १८ पानांचं माहितीपत्रक आलं, मधोमध पिना मारायचं. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणजे पानं ४च्या पटीतच हवीत. मी दोनदा मेल केला, मीटिंगमध्ये बोलले. 'तू डिझाइनचं बघ,' इतकंच उत्तर. शेवटी साहेबांनी प्रेसला फोन लावला, स्पीकरवर. काका म्हणाले, "१८ बसत नाहीत हो. १६ करा, नाहीतर २०." साहेब लगेच, "अच्छा, मग २० करू." मी समोरच बसलेले. तेवढ्यात काका म्हणाले, "अहो, तुमच्या ताईंनी फाइलबरोबर हे लिहूनच पाठवलंय की. वाचलं नाहीत का?"

त्या एका वाक्यासाठी पाच तारे. बाकीचं आता ऐका.

आमच्या कंपनीचा निळा स्क्रीनवर पसंत केलेला, त्यामुळे सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तो हमखास जांभळ्याकडे झुकतो. इथला ऑपरेटर परस्पर काही बदलत नाही. फोन करतो, "ताई, मॅजेंटा थोडा उतरवू की असाच हवाय?" मॅजेंटा म्हणजे त्यातली गुलाबी शाई. मग दोन प्रूफ, म्हणजे नमुना प्रती, काढून खिडकीच्या उजेडात धरतो. (आधीच्या ठिकाणी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई, कमी पडलं म्हणून माझं अख्खं पान ताणून छापलं होतं. विचारलंही नाही.) ३०० जीएसएमच्या जाड कव्हरला आधी क्रीज मारून, म्हणजे घडीची रेघ दाबून, मगच घडी घातली, घडीवर शाई कुठे तडकली नाही.

उणं म्हणाल तर मॅट लॅमिनेशन त्याच दिवशी मिळत नाही, बिल दोनदा मागावं लागतं, आणि गाडी लावायला जागा नाही. गुरुवारी जायचं तर आधी फोन करा. लाइट गेली की मशीन बंद.

वाढलेल्या दोन पानांवर काय घ्यायचं, हे मला कोणी विचारलं नाही. सेल्स टीमचा ग्रुप फोटो आला, व्हॉट्सॲपवरून, ६० केबीचा. तासाभरात ऑपरेटरचा फोन, "ताई, हा फुटणार. मोठा आहे का?"