पाबळचा विज्ञान आश्रम: गणितात नापास झालेल्या पोराचा हिशेब

माझा धाकटा दहावीला दोनदा गणितात गेला. मग त्याला एका खासगी संस्थेत वायरमनच्या कोर्सला घातला. सहा महिने वहीत आकृत्या काढल्या, शेवटी प्रमाणपत्र मिळालं. घरी होल्डर बदलायला सांगितला तर हात थरथरत होते. पैसे गेले ते गेले, पण आपल्याला काहीच जमणार नाही हे पोराच्या मनानं घेतलं, ते जिव्हारी लागलं.

गावातल्या मास्तरांनी पाबळचं नाव काढलं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ते सोडून त्यांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम काढला, शाळा सुटलेल्या पोरांना हाताला काम देणारं शिक्षण मिळावं म्हणून.

कोर्स वर्षाचा, राहून करायचा. वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती-जनावरं, आणि गृह-आरोग्य. सगळ्यांनी सगळं करायचं, म्हणजे मुलीही वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरतात आणि मुलगेही खाद्यपदार्थ बनवायला शिकतात. हे मला फार पटलं. नुसतं शिकण्यापुरतं काम नाही, लोकांच्या उपयोगी पडेल अशी वस्तू करायची. समोर गिऱ्हाईक असलं की चूक लपवता येत नाही.

आणि कॉस्टिंग, म्हणजे वस्तूला खर्च किती येतो त्याचा हिशेब! पोरगा तिथून सुट्टीत आला तेव्हा गोठ्याचं फाटक त्यानंच केलं. आधी वही काढली. लोखंडी अँगल किती फूट, फुटाला वजन किती, म्हणून किलो किती. त्यात तुकडे वाया जाणार ते धरले. वेल्डिंगचे रॉड, ग्राइंडरचं चाक, रंग, वीज. शेवटच्या ओळीत स्वतःची मजुरी. मी म्हटलं, "अरे, घरचंच काम ना?" तर म्हणाला, "आण्णा, मजुरी नाही धरली तर परवडलं का नाही ते कळणार कसं?" दोनदा नापास झालेलं गणित ते हेच. मी ती वही अजून जपून ठेवलीय.

फाटकाच्या खालच्या कोपऱ्यातले सुरुवातीचे वेल्डिंगचे जोड गोळे-गोळे झालेत. वर जाल तसे मुंगळ्यांच्या रांगेसारखे सरळ. ते घासून काढू नकोस म्हणून त्याला सांगितलंय.

एक ध्यानात घ्या. वर्षात इतकं सगळं शिकायचं, तर एकाच कामात पोरगा पक्का मिस्त्री होऊन येईल ही अपेक्षा ठेवू नका. आमचा नंतर वर्षभर एका फॅब्रिकेशनवाल्याकडे राबला, मगच स्वतःचं शेड टाकलं. पाठवायचं ठरवलंत तर आधी मुलाला घेऊन जा आणि वर्कशॉपमध्ये तासभर उभं राहू द्या. त्याचा हात कशाकडे जातो ते बघा.

शेडवर आता गावातलाच आणखी एक पोरगा कामाला आहे, तोही दहावीला अडकलेला. गेल्या आठवड्यात त्याला नवी वही आणून दिली.