झाडीपट्टीचे दोन सीझन काढलेली बॅग

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दिवाळी झाली की वडशाहून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात, त्या होळीपर्यंत थांबत नाहीत. आज कुरखेड्याकडे, उद्या सिंदेवाही, परवा लाखांदूर. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, पहाटे नाटक संपतं, आणि दवाने ओल्या झालेल्या कॅरिअरवर पुन्हा सामान चढतं. मी चौदा वर्षं या गाड्यांतून फिरते आहे. साड्या, गंगावन, दागिने, मेकअपचा डबा, सगळं माझं मीच सांभाळते. त्यामुळे बॅग ही माझ्यासाठी हौसेची वस्तू नाही.

आधीची बॅग मी ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं वाचून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. ड्रायव्हरला म्हटलं, “भाऊ, माझी बॅग आत घे ना जी.” तो म्हणाला, “आत जागाच नाही जी बाई. हिवाळ्यात कुठून येते पाणी?” दोन तास ती बॅग कॅरिअरवर भिजली. गावात पोचून चेन उघडली तर लाल शालूचा रंग खालच्या पांढऱ्या लुगड्यावर उतरलेला. त्या नाटकात माझी विधवा आईची भूमिका, आणि दुसऱ्या अंकापासून शेवटपर्यंत अंगावर तेच लुगडं. पदरावर हाताएवढा गुलाबी डाग. सोबतच्या बाईने स्वतःची पांढरी साडी काढून दिली म्हणून त्या रात्री उभी राहू शकले. तो डाग आजही निघालेला नाही. शालू आईने दिलेला होता, त्याचीही रया गेली.

बॅग उलटी करून पाहिली तेव्हा कारण कळलं. कापडाला आतून दिलेला पातळ थर चिकट होऊन पापडीसारखा सुटत होता. पाणी अडवतो तो हाच थर, नुसतं कापड नाही. आणि तो ओलसर हवेत बंद पडून राहिला की खराब होतो. आमच्याकडे चार महिने पाऊस, धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरात सगळीकडे ओल, आणि बॅग तेवढे दिवस माळ्यावर कोंबलेली.

म्हणून नवी घ्यायला नागपूरला सीताबर्डीत गेले, तेव्हा घाई केली नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मॉडेल दरवर्षी बदलतात. काय बघून घेतली ते सांगते. दुकानदार आधी डेनिअरचा आकडा सांगतो, 600, 1000. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, एवढंच. धागा किती जाड ते त्यातून कळतं, पाणी अडेल की नाही ते कळत नाही. मी घेतली ती ताडपत्रीच्या जातीची, पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेली, 60 लिटरची, 3,400 रुपयांना. पट्टा बॅगेच्या अंगाला जोडतो तिथे उलटसुलट दाट टाके घातले आहेत का ते पाहिलं, कारण भरलेली बॅग कॅरिअरवरून एका पट्ट्याला धरूनच खाली ओढली जाते. चाकांची बॅग मुद्दाम टाळली. गाडीपासून मंडपापर्यंत धानाच्या बांध्या तुडवत जावं लागतं, तिथे चाकं काय कामाची?

घरी आणल्यावर आधी तिची परीक्षा घेतली. आत जुने पेपर भरले, चेन लावली आणि पोराला सांगून अर्धा तास हातपंपाखाली ठेवली. मधले पेपर कोरडे. चेनच्या दोन्ही टोकांशी मात्र कोपरे ओले झाले होते, आणि तळाच्या शिवणीशी एक ओली रेघ. कापडातून पाणी येत नाही, सुईच्या भोकातून आणि चेनमधून येतं. शिवणीऐवजी गरम करून चिकटवलेले जोड आणि वरून गुंडाळून बंद करायचं तोंड असलेल्या बॅगाही मिळतात, त्या पाण्याला जास्त पक्क्या. पण विंगेत अंधारात, पुढच्या प्रवेशाला दोन मिनिटं असताना ते तोंड कोण उलगडणार? मला बॅग आडवी टाकली की पूर्ण उघडी झालेली हवी. म्हणून चेनचीच ठेवली, आणि साड्या आत प्लास्टिकच्या जाड पन्नीत बांधते. पांढरं लुगडं वेगळ्या पन्नीत, सगळ्यात वर.

दोन सीझन झाले. मागच्या फेब्रुवारीत कोरचीहून येताना पुन्हा पाऊस लागला, बॅग कॅरिअरवरच होती, पन्नीतल्या साड्या कोरड्या निघाल्या. तळ मुरमावर घासून पांढरट झालाय, फाटला कुठेच नाही.

खोड्याही आहेत. रिकामीच दीड किलोची आहे. पहिला महिनाभर प्लास्टिकचा उग्र वास होता, तो साड्यांना लागू नये म्हणून अंगणात सावलीला उघडी टांगून ठेवली होती. आणि हिला हवा अजिबात लागत नाही. पहाटे घामाचं पोलकं तसंच कोंबलं तर दुपारपर्यंत कुबट वास सुटतो, पुढे अस्तरावर बुरशीचे ठिपकेही येतात. ओले कपडे मी आता कापडी पिशवीत वेगळेच नेते. खांद्याच्या पट्ट्याची गादी पातळ होती, ती वडशातल्या मोच्याकडून जाड करून घेतली, सत्तर रुपयांत.

चेनची काळजी मात्र मनापासून घ्या. आमच्या रस्त्यांची लाल धूळ दातांत बसली की चेन अडते, जोर लावला की चेनचा रनर फाकतो, आणि मग बॅग कितीही भारी असो, तोंड उघडंच. मुक्कामावर पोचले की मी आधी जुन्या टूथब्रशने दात झाडते, आठ दिवसांनी त्यावर मेणबत्ती फिरवते. मेकअपच्या डब्यात ब्रशशेजारी ती अर्धी मेणबत्ती कायम असते.