कॅलिब्रेशनचे ₹९,५०० घेतले आणि कॅमेऱ्याला हातही लावला नाही

गाडीला एडास (काचेमागच्या कॅमेऱ्याने रस्ता बघून गरज पडली तर स्वतःच स्टेअरिंग वळवणारी आणि ब्रेक लावणारी यंत्रणा) असेल आणि पुढची काच बदलायची असेल, तर हे वाचा आणि मगच दुकानाची पायरी चढा. काच बदलली की त्या कॅमेऱ्याचा नेम पुन्हा जुळवावा लागतो, त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. माझे ₹३१,५०० पाण्यात गेले आणि तेच काम पुन्हा करायला ₹४६,६१० मोजावे लागले. एकूण ₹७८,११०. पैशाचं दुःख आहेच, पण घरची माणसं गाडीत असताना जे घडलं त्याचा संताप अजून उतरत नाही.

एरंडोल आणि पारोळ्याच्या मध्ये पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि काचेला रुपयाएवढा तडा गेला. दिवस एप्रिलचे. गाडी उन्हात तापलेली आणि आत बसलं की एसी फुल, त्यामुळे तडा बघता बघता आरशापर्यंत चढला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, काच बाहेरून मागवावी लागेल, आठवडा-दहा दिवस थांबा. घरात लग्न तोंडावर आलेलं. विम्याचा क्लेम टाकला असता तर ३५ टक्के नो क्लेम बोनस गेला असता. अशा वेळी हायवेवरचा काचवाला ‘दोन तासांत देतो, कॅलिब्रेशनसकट’ म्हणाला, तर कोणीही त्याच्याकडेच गेलं असतं. काच ₹१९,८००, मजुरी ₹२,२००, कॅलिब्रेशन ₹९,५००. शिवाय माणूस आपल्याकडचा, अहिराणी बोलणारा. ‘चिंता करू नका भाऊ, गाडी एकदम बराबर शे.’ परक्याने लुबाडलं असतं तर इतकं जिव्हारी लागलं नसतं.

काच बसेपर्यंत तिथली वीज गेली होती. पंखे बंद, सगळे घामाघूम. एका पोराने स्टेअरिंगखालच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला, मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा गेला. मालकाने ड्रॉवर ओढला आणि ‘कॅलिब्रेशन रिपोर्ट’ माझ्या हातात दिला. रंगीत कागद, गोल शिक्का, खाली हिरव्या अक्षरांत ‘पास’. कागदाला मधोमध जुनी घडी होती. वीज नाही, प्रिंटर बंद, आणि माझ्या गाडीचा आत्ताचा रिपोर्ट ड्रॉवरमधून घडी पडलेला निघतो! सगळं त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यावरचा चॅसिस नंबरही माझ्या गाडीचा नव्हता, शेवटचे सहा आकडे वेगळे होते. पण सतरा अक्षर-आकड्यांचा चॅसिस नंबर कोणाला पाठ असतो? शिक्का दिसतो, ‘पास’ दिसतं, माणूस पैसे देतो. क्यूआर कोडवर दुकानाचं नाव नव्हतं, कोणा व्यक्तीचं होतं. विचारलं तर ‘भावाचं खातं आहे’. दुकानाच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

त्यानंतर स्टेअरिंग अधूनमधून डावीकडे ओढायला लागलं. व्हील अलाइनमेंट असेल असं वाटलं. मग धुळ्याकडे जाताना मुकटीच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर, ८० च्या वेगात गाडीने आपलं आपण करकचून ब्रेक मारला. समोर काही म्हणजे काही नव्हतं. मागे कापसाच्या गठाणींचा ट्रक. त्या ड्रायव्हरने गाडी साइडपट्टीवर घातली म्हणून आम्ही वाचलो. मागे बसलेली आई पुढच्या सीटवर आपटली, तिच्या ओठातून रक्त आलं.

सर्व्हिस सेंटरला आरशामागचं कव्हर काढलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. काच खालच्या, कॅमेरा नसलेल्या मॉडेलची. कॅमेऱ्याचा ब्रॅकेट वरून चिकटवलेला, तोही तिरका. हा कॅमेरा काचेतूनच रस्ता बघतो. तो एक अंश जरी फिरला तरी १०० मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. हायवेची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन चुकली. त्या पोराने फक्त फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेली बिघाडाची खूण, पुसला होता. खऱ्या कामाला सपाट जमीन लागते, टायरमध्ये बरोबर हवा लागते आणि गाडीसमोर मापून ठेवलेला टार्गेट बोर्ड लागतो. काही गाड्यांचं काम स्कॅनर जोडून, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून होतं. तुमच्या गाडीला यातलं काय लागतं ते सर्व्हिस सेंटरला फोन करून आधी विचारा. माझ्या वेळी तिथे बोर्डही नव्हता आणि गाडी शेडबाहेरही काढली नव्हती.

नवीन काच मजुरीसह ₹३८,९४०, कॅलिब्रेशन ₹७,६७०.

मग सुरू झाली सरकारी फरफट. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. दुसऱ्याच्या गाडीचा रिपोर्ट माझ्या माथी मारून पैसे घेतले, यात दिवाणी काय आहे? अर्ज घेतला, पोच दिली नाही. परिवहन कार्यालयात सांगितलं, काच आमच्या अखत्यारीत येत नाही. ब्रेक स्वतःहून लागणारी गाडी रस्त्यावर धावते, ती कोणाच्या अखत्यारीत येते ते तरी सांगा! बिलावरचा जीएसटी नंबर चौदाच अक्षरांचा निघाला, असतात पंधरा, आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. ते दाखवायला संबंधित कार्यालयात गेलो तर ‘ऑनलाइन टाका’. विमा कंपनी म्हणते, तुम्ही आम्हाला कळवलंच नव्हतं. प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तो काचवाला रोज शटर उघडतो.

पोलीस घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, माझ्याकडे तोच पुरावा नाही.

माझी तक्रार आयोगात दाखल झाली आहे. हायवेवर कुठेही अशी काच बसवली असेल, तर रिपोर्टवरचा चॅसिस नंबर आजच आरसीशी ताडून बघा. जुळला नाही तर सेटिंगमध्ये लेन असिस्ट आणि आपोआप लागणारा ब्रेक बंद करा आणि तशीच गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.